वाऱ्याची रात्र

आमच्या धाकट्या सूनबाई इंग्लंडांतील लिंकनशायर परगण्याच्या. लग्न होऊन पुण्याच्या घरीं आल्या, त्या वर्षींच माजघरांतील तसबिरींची त्यांनीं ओळख करून घेतली. हे पणजोबा, ह्या बाळंतपणांत गेलेल्या आत्याबाई, हे १९४२ च्या चळवळींत येरवड्याच्या तुरुंगांत दोन वर्षें काढून आलेले आजोबा, असें सांगत सांगत आम्ही शेवटच्या तसबिरीशीं आलों, तेव्हां त्या घरच्या माणसांकडे वळून म्हणाल्या, "आई, आमच्या आजीच्या खोलींतहि अशीच एक तसबीर आहे. पण तिच्याविषयीं आमच्याकडे कोणी बोलत नाहीं."

ती तसबीर त्यांच्या आजींच्या थोरल्या भावाची. ब्रिटिश वायुदलाचा गणवेश, छातीवर एकाच पंखाचें चिन्ह, वय वर्षें एकवीस. १९४४ सालच्या मार्च महिन्याच्या २४ तारखेस संध्याकाळीं लँकेस्टर जातीच्या बाँबफेकी विमानांतून हा मुलगा बर्लिनकडे गेला आणि परत आला नाहीं. विमानांत सात जण होते, सातहि गेले. त्या वेळीं अकरा वर्षांच्या असलेल्या आजीबाई २०१९ सालीं शहाऐंशी वर्षांच्या झाल्या होत्या, आणि त्या वर्षीं जून महिन्यांत आम्ही उभयतां, चिरंजीव व सूनबाई असे चौघे त्यांच्या भेटीस गेलों, तेव्हां त्यांनीं बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यांतून सहा पत्रें काढून आमच्यापुढें ठेविलीं.

त्या पत्रांची हकीकत सांगितल्यावांचून पुढील प्रवासाचा अर्थ कळणार नाहीं. विमान परतलें नाहीं म्हणजे घरीं प्रथम तार येई. मागून तुकडीच्या मुख्य अधिकाऱ्याचें पत्र येई. पुढें सहा महिने वाट पाहून, मुलगा मृत समजावा, असें सरकारी पत्र येई. मध्यंतरीं त्याचें सामान, म्हणजे मोजे, वस्तरा, फाउंटन पेन, पुस्तकें, यांची यादी होऊन तें लंडनजवळच्या कोलब्रुक येथील कोठारांतून घरीं पोंचतें होई. आणि आणखी एक गोष्ट वायुखातें करी: त्याच विमानांतील इतर सहा जणांच्या घरचे पत्ते प्रत्येक घरास कळवी. अशा रीतीनें, एकमेकींचें तोंडहि न पाहिलेल्या सात आया एकमेकींस पत्रें लिहूं लागल्या. पांच पत्रें एकमेकींस धीर देणारीं होतीं. सहावें चार ओळींचें होतें. तें शेपटीकडील तोपच्याच्या आईचें.

विमान कोठें पडलें तें जर्मनांकडून जिनीव्हाच्या रेडक्रॉसमार्फत कांहीं महिन्यांनीं कळलें होतें. तें ऱ्हूर प्रदेशांतील एका गांवच्या शेतांत पडलें होतें. त्या बाईंनीं मुलाच्या शाळेंतला नकाशा काढला, बर्लिनपासून लिंकनपर्यंत पट्टी ठेविली आणि पाहिलें, तों तें गांव पट्टीच्या शंभर मैल दक्षिणेस. सूनबाईंच्या घरचा मुलगा विमानाचा नॅव्हिगेटर, म्हणजे मार्ग आंखणारा. तेव्हां त्यांनीं लिहिलें कीं, वाट दाखविणें हें तुमच्या मुलाचें काम होतें. त्यानें वाट चुकविली आणि माझा एकुलता एक गेला. आजीबाईंच्या आईनें ह्या पत्रास उत्तर दिलें नाहीं, तें फाडलें नाहीं, आणि मरेपर्यंत कोणास दाखविलेंहि नाहीं. मात्र त्या दिवसापासून घरांत मुलाचें नांव निघेनासें झालें. आईच्या पश्चात् डबा उघडल्यावर आजीबाईंस कारण कळलें. "त्यानें खरोखर वाट चुकविली का, एवढें मला कोणी सांगेल का?" असें त्यांनीं आम्हांस विचारलें. आम्ही परकी माणसें. पण घरांतील जुनें ओझें कसें असतें हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस समजावून द्यावें लागत नाहीं.

लिंकनशायर हा प्रदेश सपाट. देशावरच्या माणसास सोलापूराकडील माळाची आठवण व्हावी, मात्र हिरवागार. युद्धाच्या अखेरीस ह्या एका परगण्यांत सुमारें ५० विमानतळ होते. आतां बहुतेकांवर गहूं आणि साखरेचें बीट पिकतें. कोठें सिमेंटच्या धांवपट्टीचा तुकडा राहिला आहे, त्यावर शेतकरी गवताच्या गंज्या रचतात. आमच्या मुलाचा तळहि असाच नांगराखालीं गेलेला. म्हणून त्यापासून जवळच्या ईस्ट कर्कबी येथें गेलों. तेथें जुना नियंत्रण-मनोरा राखला आहे आणि एक लँकेस्टर विमानहि आहे. हा संग्रह पँटन आडनांवाच्या दोघां शेतकरी भावांनीं उभा केला. त्यांचा वडील भाऊ १९४४ च्या मार्चअखेरीस न्यूरेंबर्गवरील चढाईंत हॅलिफॅक्स विमानांतून गेला आणि मारला गेला. त्याची आठवण म्हणून कोंबड्यांच्या धंद्यांत मिळविलेल्या पैशांतून ह्यांनीं विमान विकत घेतलें. तें उडत नाहीं, पण चारी यंत्रें सुरू करून तळावर फिरवितात. तीं यंत्रें घुमूं लागलीं तेव्हां आमच्या छातीचा पिंजरा अक्षरशः थरथरला.

आंत शिरावयाचें म्हणजे वांकून. पंखांना जोडणारी जाड तुळई विमानाच्या पोटांतून आडवी गेलेली आहे. ती ओलांडतांना आमच्यासारख्या साठी उलटलेल्या माणसांची पुरेवाट झाली, आणि जळत्या विमानांत अंधारांत ती ओलांडणें म्हणजे काय असेल ह्याचा अंदाज आला. चालकाच्या पाठीशीं डाव्या बाजूस नॅव्हिगेटरचें टेबल. त्यावर लहानसा दिवा, आणि तो बाहेर दिसूं नये म्हणून भोंवतीं पडदा. सात आठ तासांच्या प्रवासांत ह्या माणसास बाहेरचें आकाश जवळजवळ दिसत नसे. वेग, दिशा आणि वेळ यांचा हिशेब करून, आपण आतां अमुक ठिकाणीं असलों पाहिजे, असें तो कागदावर मांडी. शेपटीकडील तोपची तर सर्वांपासून दूर, कांचेच्या घुमटींत, गोठविणाऱ्या थंडींत, मागें पाहत बसलेला. सूनबाई त्या दोन जागांमधील अंतर पावलांनीं मोजूं लागल्या, पण मध्यें तुळई असल्यामुळें मोजणी चुकली.

हे सात जण एकत्र कसे येत, हेंहि नवल वाटावें असें आहे. आमची कल्पना अशी कीं, कोणीतरी अधिकारी जोड्या लावीत असेल. तसें नव्हे. शिक्षणाच्या तळावर सगळ्यांस एका मोठ्या दालनांत सोडून, आपापल्या टोळ्या तुम्हीच जमवा, असें सांगत. कोणी कोणाची चेहरेपट्टी पाहून, कोणी एका गांवचा म्हणून, कोणी नुसती विडी पेटवून दिली म्हणून, अशा संध्याकाळपर्यंत टोळ्या जमत. इंजिनावर देखरेख करणारा गडी मागाहून येऊन मिळे. आमच्याकडे सोयरीक जुळवितांना पत्रिका तरी पाहतात! आजीबाईंपाशीं भावाचीं घरीं लिहिलेलीं पत्रें आहेत, त्यांपैकीं एकांत ह्या टोळीजुळणीचा उल्लेख आहे. शेपटीचा तोपची त्यानेंच निवडून आणिला होता. हें वाचून सूनबाई बराच वेळ गप्प बसल्या.

लिंकन शहराबाहेर कॅनविक टेकडीवर बाँबर दलाचें स्मारक आहे. तेथें १०२ फूट उंचीचा लोखंडी सुळका उभा आहे. लँकेस्टर विमानाच्या पंखांची लांबी तेवढीच. भोंवतीं गंजल्या रंगाच्या लोखंडी भिंती आणि त्यांत कोरून आरपार काढलेलीं सुमारें ५८,००० नांवें. अक्षरांतून पलीकडचा उजेड येतो. तेथून शहरांतील मोठें देऊळ स्पष्ट दिसतें. परत येणाऱ्या विमानांस हाच खुणेचा मनोरा होता. दलांतून उडालेल्या सुमारें १,२५,००० माणसांपैकीं ५५,५७३ मरण पावलीं. आंकडा वाचला म्हणजे मन बधिर होतें. पण सूनबाईंनीं बोट ठेवून आपलें नांव शोधलें, आणि मग दुसऱ्या भिंतीकडे जाऊन तोपच्याचेंहि शोधलें.

खरा शोध लागला तो लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत. आंत लिहिण्यासाठीं पेन्सिलखेरीज कांहीं नेऊं देत नाहींत. दप्तरें मऊ उशीवर ठेवून उलगडावीं लागतात. आमच्या भारत इतिहास संशोधक मंडळांतील मोडी रुमालांची आठवण झाली. प्रत्येक तुकडीच्या रोजनिशींत एकेका विमानाची नोंद असते: कोण बसले, केव्हां उडाले, काय केलें, केव्हां परतले. आमच्या विमानाची नोंद दोन ओळींची. उड्डाणाची वेळ, आणि त्यानंतर कांहीं वृत्त नाहीं, एवढेंच. चिरंजीव निराश होऊन पान मिटूं लागले, तेव्हां सूनबाईंनीं त्यांचा हात धरिला. त्या म्हणाल्या, जे परतले त्यांच्या नोंदी वाचूं या. आणि त्या नोंदींत प्रत्येक विमानाच्या पुढें एकच शब्द पुन्हां पुन्हां येत होता: वारा.

त्या रात्रीची कथा आतां इतिहासकारांच्या ग्रंथांत सविस्तर आली आहे आणि तिला नांवहि 'जोरदार वाऱ्यांची रात्र' असेंच पडलें आहे. १९४३ च्या नोव्हेंबरापासून बर्लिनवर मोठ्या चढाया चालल्या होत्या. त्या सोळांतील ही शेवटची. ८११ विमानें निघालीं. हवामानाच्या जाणत्यांनीं सांगितलेल्या वाऱ्यापेक्षां प्रत्यक्ष वारा फारच जबर, उत्तरेकडून, तासास शंभर मैलांहूनहि अधिक वेगानें वाहत होता. इतक्या उंचीवर असे वारे असूं शकतात, हेंच तेव्हां फारसें कोणास ठाऊक नव्हतें. कोंकणांतल्या वाचकांस हें चटकन् समजेल. भरतीच्या वेळीं खाडी ओलांडतांना तांडेल पलीकडच्या धक्क्यावर नेम धरून होडी हांकीत नाहीं. ओढ जितकी, तितकी तो नाळ प्रवाहाकडे वळवितो. ओढीचा अंदाज चुकला तर होडी धक्क्याच्या किती तरी खालीं जाऊन लागते. पण तांडेलास निदान पाणी दिसतें. पडद्याआड बसलेल्या मुलास हवेचा पूर दिसणार कसा? जमिनीवरून येणाऱ्या बिनतारी खुणांवरून ठिकाण काढण्याचें यंत्र त्याच्यापाशीं होतें, परंतु शत्रूच्या मुलखाजवळ जातांच जर्मन त्या खुणा बुजवून टाकीत.

ह्यावर उपाय म्हणून एक योजना होती. निवडक कुशल नॅव्हिगेटरांनीं वाटेंत वारा मोजावा, इंग्लंडास कळवावा, आणि तेथील अधिकाऱ्यांनीं सरासरी काढून सर्व विमानांस तो परत कळवावा. त्या रात्रीं मोजलेले आंकडे इतके प्रचंड आले कीं, मोजणाऱ्यांपैकीं कांहींनीं स्वतःवरच विश्वास न ठेवतां ते कमी करून कळविले. आणि इंग्लंडांतल्या अधिकाऱ्यांचाहि त्यांवर विश्वास बसेना, म्हणून त्यांनीं ते आणखी कमी करून परत पाठविले. ज्या आज्ञाधारक मुलांनीं तो आंकडा प्रमाण मानून हिशेब केला, तीं सगळीं दक्षिणेकडे वाहत गेलीं. परतीचा नेमलेला मार्ग मुळांत सरळ नव्हताच. तो ऱ्हूरच्या तोफखान्यांस उत्तरेकडून वळसा घालून जाणारा होता. वाऱ्यानें शेंकडों विमानांची रांग विस्कटून टाकिली आणि पुष्कळ विमानें थेट त्या तोफांच्या माथ्यावर नेऊन सोडिलीं. त्या रात्रीं ७२ विमानें परत आलीं नाहींत. त्यांपैकीं सुमारें ५० विमानविरोधी तोफांना बळी पडलीं असें मानतात.

म्हणजे त्या बाईंची पट्टी बरोबर होती; मुलाची वाट चुकली होती, हें खोटें नव्हतें. पण ती त्याच्या एकट्याची चूक नव्हती. ज्यांचा हिशेब खरा होता त्यांचा हिशेब वरिष्ठांनींच खोडला होता. आम्ही दप्तरखान्याच्या उपाहारगृहांत चहा घेत बसलों असतां सूनबाईंनीं हें सगळें एका कागदावर आजीबाईंसाठीं मोठ्या अक्षरांत लिहून काढलें. आमच्या घरच्या माणसांस मात्र दुसरीच गोष्ट सुचली. पंचांग मोजून पाहतां ती रात्र फाल्गुन अमावास्येची निघाली. चांदणें विमानांना घातक, म्हणून चढायांस काळ्या रात्री निवडीत, त्यांत नवल नाहीं. परंतु दुसऱ्या दिवशीं, २५ मार्च १९४४ रोजीं, शके १८६६ चा वर्षप्रतिपदेचा दिवस. आमच्या वाड्यावर गुढी उभी राहिली असेल, आजोबा तुरुंगांत असतील, आणि लिंकनशायरच्या त्या घरीं तारवाला पोंचला असेल. येणाऱ्या संवत्सराचें नांव तारण.

तेथून आम्ही जर्मनींत गेलों. ऱ्हूर प्रदेश म्हणजे कोळसा आणि पोलाद अशी आमची समजूत होती. त्या गांवाभोंवतीं मात्र बीटाचीं शेतें आणि ओळीनें लावलेलीं उंच झाडें. एक वृद्ध गृहस्थ आम्हांस त्या शेतापर्यंत घेऊन गेले. त्या रात्रीं ते सहा वर्षांचे होते. पडलेलें विमान पहांटेपर्यंत जळत होतें, आणि सातहि जणांस गांवच्या चर्चच्या आवारांत पुरलें, एवढें त्यांनीं सांगितलें. मग त्याच स्वरांत, आपली थोरली बहीण पुढच्या हिंवाळ्यांत इंग्रजी बाँबनें गेली, हेंहि सांगितलें. आम्हांस काय बोलावें सुचेना. एकट्या हॅम्बुर्ग शहरांत १९४३ च्या जुलै महिन्यांत ३०,००० हून अधिक माणसें आगींत मेलीं. तीहि ह्याच विमानांचीच करणी. ज्या मुलाचा आम्ही माग काढीत होतों तो निरपराध होता कीं नव्हता, हा प्रश्न वाऱ्याच्या हिशेबानें सुटत नाहीं, हें त्या बांधावर उभें राहिल्यावर प्रथम लक्षांत आलें. वृद्धांनीं खिशांतून अॅल्युमिनियमचा एक वांकडा तुकडा काढून सूनबाईंपुढें धरिला. नांगरतांना असे तुकडे अजून निघतात. सूनबाईंनीं तो हातांत घेतला, पाहिला, आणि नमस्कार करून परत दिला.

युद्ध संपल्यावर ब्रिटिश वायुदलानें हरवलेल्यांचा शोध घेण्यासाठीं एक स्वतंत्र खातें चालविलें. सुमारें ४२,००० माणसें बेपत्ता होतीं. खात्याचे अधिकारी गांवोगांव हिंडले, पुरलेले देह उकरले, आणि कपड्यांवरील धोब्याची खूण, बुटाचें माप, यंत्रावरील क्रमांक अशा क्षुल्लक गोष्टींवरून माणसें ओळखलीं. तरीहि २०,००० हून अधिक जणांचा थांग लागला नाहीं. त्यांचीं नांवें लंडनजवळ रनीमीड येथें कोरलीं आहेत. देह न सांपडलेल्या माणसासाठीं आपल्याकडे पळसाच्या ३६० काड्यांची आकृति करून तिला अग्नि देतात. तो विधि आमच्या घरीं एकदां झाला होता, त्याची हकीकत सूनबाईंनीं वाटेंत मोठ्या लक्ष देऊन ऐकली. त्यांच्या आजींच्या भावाचें भाग्य त्या मानानें बरें. त्या चर्चच्या आवारांतून सातांचे देह उचलून राइखस्वाल्डच्या अरण्यांतील युद्ध-दफनभूमींत नेले.

ही जागा क्लेव्ह गांवाजवळ, हॉलंडच्या सरहद्दीपाशीं. ७,५०० हून अधिक थडगीं, त्यांतील सुमारें ४,००० वायुदलाचीं. पांढऱ्या दगडांच्या रांगा, पायथ्याशीं फुलझाडें, आणि चारी बाजूंस बीचचें दाट रान. दगड साधारणपणें सुटे सुटे असतात. मात्र ज्या विमानांतील माणसें निरनिराळीं ओळखतां आलीं नाहींत, त्यांचे दगड खांद्यास खांदा लावून उभे करितात. आमच्या सातांपैकीं तिघे ओळखले गेले. उरलेले चार एकत्र. त्या चौघांत नॅव्हिगेटर होता, आणि शेपटीचा तोपचीहि होता.

निघण्यापूर्वीं आजीबाईंनीं सूनबाईंपाशीं एक बंद पाकीट दिलें होतें. तोपच्याच्या घरचें आतां कोणी उरलें नाहीं. आई १९५० नंतर थोड्याच वर्षांत गेली, आणि मुलगा एकुलता होता. म्हणून आपल्या आईच्या वतीनें आजीबाईंनीं पंचाहत्तर वर्षांनीं उत्तर लिहिलें आणि तें मुलाच्या दगडाशीं ठेवावें असें सांगितलें. क्यू येथें लिहिलेला कागद पाहिल्यावर त्यांनीं पाकीट पुन्हां फोडलें, एक ओळ खोडली आणि परत चिकटविलें, एवढें आम्हांस माहीत आहे. आंत काय आहे तें आम्हीं विचारलें नाहीं, आणि सूनबाईंनींहि वाचलें नाहीं. पाकीट फुलझाडांच्या मुळाशीं ठेवून वर एक गोटा ठेविला. घरच्या माणसांनीं पुण्याहून नेलेले तीळ पाण्याबरोबर तेथेंच सोडले. सातांच्या नांवानें सोडले, आणि आठवें त्या वृद्धांच्या बहिणीसाठीं. तिचें नांव आम्हीं विचारून घेतलें होतें.

तेथूनच सूनबाईंनीं आजीबाईंस फोन लाविला. त्यांनीं पहिला प्रश्न केला तो पत्राविषयीं नव्हे. दोघांचे दगड जवळ आहेत का, किती जवळ, असें त्यांनीं विचारलें. सूनबाईंनीं खालीं बसून दोन दगडांच्या मध्यें बोट घालून पाहिलें. बोट शिरलें नाहीं.